वॉल्टर पंचाला काय म्हणाला

४ जाने., रवि.
हेलन मॅडम मार्चमध्ये कायमच्या ऑस्ट्रेलियाला चालल्या. आज माझ्या टेबलावर एक जुनी फाइल ठेवली. आत त्यांच्या पणजोबांची कात्रणं, एक फोटो, पणजोबांच्या बहिणीचं एक पत्र. म्हणाल्या, ऑफिसचे कागद सांभाळतोस तसंच हे स्कॅन करून दे, घाई नाही.
पणजोबा वॉल्टर. शंभरावर वर्षांपूर्वी तिकडचा फुटबॉल खेळायचे. फोटोत बिनबाह्यांचं, पुढून नाडीने आवळलेलं जाकीट. हातात चेंडू, न सोललेल्या नारळासारखा लांबट. आणि हाताने खेळायची मुभा! मग फुटबॉल कसला?

६ जाने., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत मॅ.नी कागदावर चार खांब काढून नियम समजावले. लाथेने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून थेट गेला तर सहा गुण. वाटेत कुणाचाही हात लागला, अगदी आपल्याच गड्याचा, तर एकच.
वॉल्टर सुतार होता. शनिवारी दुपारपर्यंत काम, मग मॅच. पाच मोसम खेळला. सव्विसाव्या वर्षी एकदम बंद. मॅ.ची आजी म्हणायची, काढून टाकलं. वडील म्हणायचे, स्वतःच सोडलं. मॅ.ना खरं काय ते माहीत नाही.
मी मस्कतला आलो तेव्हा सव्वीसचाच. गावची कबड्डी तेव्हा सुटली. म्हणून असेल, डोक्यातून जाईना.

७ जाने., बुध.
मॅ.ना विचारून कात्रणं घुब्र्याला घरी आणली. छपाई पुसट. ऋचाला वाचायला बसवलं. लेकीचं मराठी अडखळतं, माझं इंग्रजी. दोघांचं मिळून एक धड.
शेवटच्या मॅचचं कात्रण मिळालं. शेवटची मिनिटं. सोबत्याने मारलेला चेंडू खांबांतून गेला, लोक नाचायला लागले. तेवढ्यात वॉल्टर पंचाजवळ गेला, काहीतरी बोलला. पंचाने सहाचा एक केला. तीन गुणांनी हरले.
काय बोलला ते छापलेलं नाही.
ऋचा म्हणाली, "बाबा, त्याने ट्रुथ सांगितलं. त्याचाच हात लागला असणार."
म्हटलं, कशावरून? नुसता भांडायला गेला असेल.

९ जाने., शुक्र.
सीबला किनाऱ्यावर कबड्डी. एरवीसारखीच, आपली कोकणातली मंडळी. पोट सुटलेले बारा-चौदा जण, गुडघ्यांना पट्टे. चहाच्या वेळी वॉल्टरची गोष्ट सांगितली. आमचा कप्तान नरेश म्हणाला, येडा होता. पंचाला दिसलं नाही तर आपण कशाला सांगा?
इक्बालभाई आमचे पंच. मूळ रत्नागिरीचे, सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडदुकान. ते एवढंच म्हणाले की पंचाला सगळं दिसत असतं तर पंच देवच झाला असता.

१२ जाने., सोम.
वॉल्टरच्या बहिणीच्या पत्राचं अक्षर लागलं. त्या मॅचनंतर वॉल्टर दर शनिवारी अंघोळ करून तयार बसायचा, असं लिहिलंय. कशासाठी, ते नाही. मॅ.नी दोनदा वाचून पत्र फाइलीत ठेवलं.
खेळ सोडलेला माणूस तयार कशाला बसेल?

१६ जाने., शुक्र.
आज वादी अदाई भागातली टीम आली होती. एका गुणाने आम्ही पुढे. त्यांची शेवटची चढाई. मी कोपऱ्यात. पोरगेलासा गडी आत घुसला, मी मागे सरलो, त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली. पुसट. तो परत गेला, हात लागला म्हणून ओरडला. इक्बालभाईंनी मान हलवली. नाही. आमचे लोक उड्या मारायला लागले.
विचार करून काही केलं नाही. हात वर गेला.
"लागला, इक्बालभाई. मनगटाला."
त्यांना गुण मिळाला, बरोबरी झाली. मग जादा डावात हरलो. चहा झाला. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. नरेश एरवी मला गाडीतून सोडतो. आज म्हणाला, थोडं काम आहे. टॅक्सीने आलो.
ऋचाला सांगितलं. तिला फार आनंद झाला. मला तेवढा नाही.

२२ जाने., गुरु.
उद्याच्या सात जणांची यादी ग्रुपवर आली. माझं नाव नाही. येऊ नको असंही कुणी म्हटलेलं नाही. फोन तीनदा उघडून पाहिला. उद्या घरीच.

२७ जाने., मंगळ.
मॅ.ना सांगितलं की आजी आणि वडील दोघंही चुकले असतील. वॉल्टरला कुणी काढलं नाही, त्यानेही सोडलं नाही. फक्त बोलावणं आलं नाही. तो तयार होऊन वाट बघत राहिला.
माझ्या हाती पुरावा नाही, तेही सांगितलं. तुला हे कसं सुचलं, त्यांनी विचारलं. मग सीबचं सगळं सांगावं लागलं.
त्यांनी फोटो हातात घेतला. मग म्हणाल्या, "त्याने एकदा स्वतः जाऊन बघायला हवं होतं."

३० जाने., शुक्र.
यादीत आजही नाव नाही.
चार वाजलेत. ऋचा म्हणते मीपण येते. तिने माझा खेळ कधी पाहिलेला नाही. म्हटलं, खेळायला मिळेलच असं नाही गं. म्हणाली, चालेल.
बूट घालून खाली उभी आहे.