हातात न आलेल्या पैशाचा कर

बाबा, गोखिवऱ्याच्या गाळ्यात आता लेथ नाही. तिच्या पायांच्या जागी चार काळे, तेलकट चौकोन तेवढे उरलेत. ती गेली त्या दिवसाबद्दल लिहायला बसलो, पण मन आधी तुमच्याच काळात जातं. शाळेतल्या कविता पुटपुटत मी लेथवर कातायचा जॉब लावायचो आणि मशीनच्या आवाजावरून तुम्ही ओळखायचात, की पोरगं मापात नाही, यमकात आहे.

त्यावर तुम्ही हसायचात. खरे रागावलात एकदाच, मालाबरोबर मी बिलही धाडलं तेव्हा. "पैसा हातात पडल्याशिवाय बिल फाडायचं नाही." मालासोबत साधी चिठ्ठी, पैसे आले की बिल, मग त्यावर कर, ही तुमची रीत. ती नियमात बसत होती का, मी कधी विचारलं नाही. तुमच्या माघारी कित्येक वर्षं तसंच चालवलं. मग नवा कर आला, आणि कामणच्या गोदामाकडे निघालेला आपला टेम्पो नुसती चिठ्ठी आहे म्हणून करवाल्यांनी रस्त्यात अडवला. दंड भरून सोडवला.

तेव्हापासून मालाबरोबर बिल. कर पुढच्याच महिन्यात भरायचा. गिऱ्हाईक पैसे देतं पाच-सहा महिन्यांनी. आपण भरलेला कर मात्र ते स्वतःच्या करातून आधीच वजा करून मोकळं. त्यांच्या ऑफिसात गेलो की थंड पाणी मिळतं आणि साहेब मीटिंगमध्ये असतात. कर भरायला आधी ठेव मोडली, मग लेथ विकली. मोठ्यांना हा भार पेलतो. जिथे मालकच कामगार असतो, तिथे पैसा आल्यावर कर घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. माफी नको.

लेथ ट्रकवर चढली तेव्हा तुमच्या हाताखाली शिकलेला कारागीर चिंधीने हात पुसत उभा होता, पुसण्यासारखं काही नसताना. म्हणाला, "शेट, आपन माल दिला, पैसं तर आलंच नाय. मग कर कशावर भरला?" जाताना हसतच विचारलं त्याने, या वयात आपल्याला आता कोन ठेवील.

शटरवर पाटी आहे : मालकाच्या वयोमानामुळे बंद. शेजारचे गाळेवाले म्हणतात, काका, आता आराम करा. मी मान डोलावतो. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगतो. हात अजून कापत नाहीत, बाबा. ती पाटी मीच रंगवली, एका बैठकीत.