न्यायला आलेला जावई

बहादरपुर
६ फेब्रुवारी २०२४

चि. निरंजनास अक्काचा आशीर्वाद आणि प्रभूत सलाम, वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नको. घरात मोबाईल एकच, तो तुझ्या दाजींच्या खिशात, आणि हे त्यांच्यासमोर बोलता येत नाही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

तृप्ती सासरहून, देडतलाईहून आली आहे. एकटी, बसनं, अंगावरच्या साडीनिशी. उजवा हात मोडलाय. ती म्हणते पायरीवरून पडले. पायरीवरून पडल्यावर गळ्यावर बोटं उठत नाहीत. शहरात नेऊन पलस्तर घातलं तेव्हा कबूल झाली, अजयनं मोडला. स्थळ तू आणलंस. आपल्या ख्रिस्ती मंडळीतला मुलगा, दारू पीत नाही, म्हणालास. पीत नाही, खरं आहे. शुद्धीत मारतो.

आता त्यानं निरोप धाडलाय की न्यायला येतो. मी म्हटलं, दारातून परत लावा. तर दाजी मला तुझाच उपदेश ऐकवतात. हंगामाच्या सणाला तू आमच्या मंडळीत शास्त्रातल्या लोटाची गोष्ट सांगितलीस ना, की गावगुंड दाराशी आले, पण लोटानं पाहुण्यांना हात लावू दिला नाही, उलट आपल्या दोन पोरी बाहेर आणतो म्हणाला, इतका पाहुण्याचा मान. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी पण म्हटलं असेल. मला तेव्हा तुझ्या जेवणाची चिंता होती, तीन ताटं खातोस. आता दाजी विचारतात, लोटानं एवढं केलं, आणि मी घरच्या जावयाला पाणी पण देऊ नको?

तृप्तीचं मन लागावं म्हणून दुपारी तिच्याकडून पवित्र शास्त्र वाचून घेते. वाचता वाचता ती शास्त्यांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायावर आली. एका लेवी कुळातल्या माणसाची बाई नवऱ्याला सोडून बापाकडे येते. पुस्तकात लिहिलंय ती बदफैली होती. देडतलाईत तृप्तीबद्दल पण आता हेच चाललंय. नवरा तिला न्यायला येतो. परत जाताना गिबा गावात एका म्हाताऱ्याकडे उतरतात, गुंड दार ठोकतात, आणि या खेपेला बाईला खरंच बाहेर ढकलतात. सकाळी ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली. तृप्तीनं वाचणं थांबवलं आणि पुस्तक तसंच उघडं मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी तिला काय सांगू? देवाच्या पुस्तकात हे कशाला? पाहुणा म्हणजे फक्त बाप्या का? गोल गोल बोलू नको. आणि दाजींना लिही, पोरीला धाडायचं नाही. ते तुझं ऐकतात, माझं बिलकुल नाही.

निशाला आणि पोरांना आशीर्वाद. लोभ ठेव आणि उत्तराला उशीर करू नको.

तुझी अक्का,
सरू


भुसावळ
११ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. अक्कास सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून निशा रडली. मला एक ताटही गेलं नाही, तिनाचं सोड.

गोल न बोलता सांगतो. तो देश वाळवंटाचा. वाटसरूला छप्पर नाकारलं तर तो मरायचा. म्हणून छपराखाली आलेल्याला जिवापलीकडे जपायचं, असा तिथला रिवाज. त्या रिवाजापुढे लोटाला स्वतःच्या मुली दिसल्या नाहीत. शास्त्र त्याला शाबासकी देत नाही. शेवटी पाहुण्यांनीच त्याला आत ओढून दार लावलं. आणि शास्त्यांचं पुस्तक तर कुजलेल्या देशाची हकिगत आहे. राजा नव्हता, जो तो मनाला येईल तसं वागत होता, असं तिथंच म्हटलंय. जे घडलं ते लिहिलं, तसं करा म्हणून नव्हे. त्या बाईबद्दलही, काही जुन्या प्रतींत ती रागावून निघून गेली एवढंच आहे. उपदेशात हे सगळं सांगायला वेळ मिळत नाही.

पण अक्का, त्याच अध्यायात असंही आहे की नवरा तिची समजूत घालायला, तिच्या मनाशी बोलायला गेला. अजयही आपणहून येतोय. लग्न प्रभूपुढे लागलंय, ते एका निरोपावर मोडायचं नाही. त्याला येऊ द्या, नीट जेवू घाला. भरल्या पोटी माणूस नरम होतो. मग मोठ्यांनी चार शब्द सुनवावेत. दाजींनाही असंच लिहिलंय. तृप्तीला सध्या तो अध्याय नको. रूथचं पुस्तक वाचू दे.

तुझ्या रागाची सवय आहे. तरी माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
निरंजन


बहादरपुर
२० फेब्रुवारी २०२४

निरंजनास, वि. वि.

आशीर्वाद पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता हात चालत नाही.

तू दाजींना लिहिलेलं पत्र त्यांनी अजयसमोर मोठ्यानं वाचलं. भरल्या पोटी नरम होतो, हे वाचताना अजय खाटेवर बसून हसत होता.

आपल्याकडे न्यायला आलेल्या जावयाला मांडे खाऊ घातल्याशिवाय पोरगी पाठवत नाहीत, तुला माहीत आहे. मी मनात धरलं, मांडे करायचेच नाहीत. गहू दळला नाही, पुरण शिजवलं नाही. मांडे नाहीत तर पोरगी नाही. दाजींना वाटलं मी कामाला आळस करते. म्हणून ते अजयला रोज म्हणायचे, आजचा दिवस राहा, जीव ताजा कर. बकरं कापलं. शहरातून मावा जिलेबी आणली. गल्लीतले लोक येऊन बसायचे, पत्ते चालायचे, नामदेवनं जावयाला काय ठेवलंय म्हणून दाजींचं नाव घ्यायचे. दाजींची छाती फुगलेली. तृप्ती मागच्या खोलीत गळ्यात हात बांधून. अजय तिच्याशी एक शब्द बोलला नाही. समजूत राहिली बाजूला, हात कसा आहे हे पण नाही.

मी तो अध्याय परत वाचून घेतला, तुझ्या रूथच्या आधी. तू म्हणतोस नवरा मनाशी बोलायला गेला. गेला, पण बोलला कुठं? पुढं नुसतं खाणं-पिणं आहे. सासरा जावयाला बघून आनंदला, असं लिहिलंय. रोज म्हणतो, आज थांब, उद्या जा. तो का आला, ती का आली, बाप विचारत नाही. तू गुंडांपासून सांगायला लागतोस, की गिबा गाव वाईट. मी म्हणते कुजायला सुरुवात बापाच्या ओसरीवर झाली, जेवणावळ चालू होती तिथं. गुंड नंतरचे.

मग दाजींनी शेजारच्या गोदाबाईला बोलावलं. तिनं माझ्याच चुलीवर मांड्यांचं खापर चढवलं आणि मांडे केले. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती म्हणाली, सरू, जावई उपाशी गेला तर गावात तोंड कसं दाखवशील? अजयनं चार खाल्ले. झालं, रीत पुरी झाली. दुपार कलल्यावर निघाले. मी उंबऱ्यात बसले होते, उठले नाही. तेव्हा तृप्तीच म्हणाली, आई, ऊठ, लोक बघतायत. जायचं का, हे तिला कुणी विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं? मी चुलीपाशी भांडत होते.

तू देडतलाईला जाऊन ये. पाळक म्हणून नको, मामा म्हणून जा.

सरू


भुसावळ
१४ मार्च २०२४

ती. सौ. अक्कास सप्रेम सलाम, वि. वि.

दाजींनी फोनवर सगळं सांगितलं. अजयनं पुन्हा मारलं आणि तृप्तीचा डावा डोळा वाचला नाही, हे निशाला अजून नीट सांगता आलेलं नाही. मी जायला हवं होतं. मंडळीचं अधिवेशन होतं, पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. यापुढे काय लिहू? तू मंडळीतल्या धुरपदाबाईला घेऊन सरकारी दवाखाना गाठलास, पोरीला आणलंस, पोलीस थाण्यात रपट लिहवलीस. एवढं आमच्या कुणाच्या हातून झालं नसतं.

आता एक अवघड गोष्ट. अजयचे वडील गिरधर परवा माझ्याकडे आले. अजय कोठडीत आहे. म्हातारा दुपारभर ओट्यावर बसून रडला, चहासुद्धा घेईना. दारी आलेल्याला मी हाकलू शकलो नाही. त्याला तुमच्याकडे येऊन तृप्तीच्या पायावर डोकं ठेवायचंय. रपटीचं काही नरम करता आलं तर बघा, असंही म्हणाला. मी त्याला शब्द दिलेला नाही. पण क्षमा मागायला आलेल्याला दार उघडावं, एवढं तर शास्त्र सांगतंच. २४ तारखेच्या रविवारी भक्ती संपल्यावर मी त्याला घेऊन येतो. जेवणाचं काही करू नको, नुसतं पाणी चालेल. तृप्तीसाठी प्रार्थनाही करू.

तू रागावशील. रागाव, पण मला परका करू नकोस.

तुझा,
निरंजन


बहादरपुर
१८ मार्च २०२४

चि. निरंजनास आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या दाजींना तुझं पत्र दाखवलं. ते उठून केळीत निघून गेले. हल्ली दिवसभर तिथंच बसतात. ताट शेतात पाठवते.

तू लिहितोस गिरधर रडला. रडू दे, बाप आहे. तू चहा विचारलास ते बरं केलंस, तुझं घर आहे, तुझा ओटा आहे. आणि शास्त्र काय सांगतं यावर मी आता तुझ्याशी वाद घालत नाही. तू शिकलेला, तू एक सांगशील, मग दुसरं सांगशील, दोन्ही खरं असेल.

रविवारचं मी ठरवणार नव्हते. माझा जीव तर म्हणत होता, येऊ दे म्हाताऱ्याला, बघू दे डोळा. पण माझ्या जिवाला कोण विचारतंय. मी तृप्तीजवळ जाऊन बसले. पत्र तिच्या हातात दिलं, तिनं एका डोळ्यानं सावकाश वाचलं. मी म्हटलं, सासरा यायचं म्हणतो, तुझं काय म्हणणं? ती माझ्याकडे बघत राहिली. कळेना झालं असेल, आईला काय झालं म्हणून. मी परत विचारलं.

नको म्हणाली.

रपट? तशीच राहू दे म्हणाली.

मग मी म्हटलं, मामा एकटा आला तर? प्रार्थना करायला? निरंजन, तुझ्यावर तिचा लहानपणापासून जीव आहे, तुला ठाऊक आहे. तुझ्या खांद्यावर बसून ती तापीवर जायची. तिनं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. मला वाटलं रडेल, रडली नाही. मामा पण नको, म्हणाली. नंतर कधी यायचं ते मी सांगेन.

तर यायचं नाही. रविवारी नाही, ईस्टरला नाही. ती सांगेल तेव्हा मी लिहीन. तोवर तू दाराशी आलास तर मी उघडणार नाही, आणि लोक काय म्हणतील ते मला सांगायला येऊ नको. वाईट वाटेल तुला. वाटू दे.

निशाला सांग, पोरगी आता भाकर खाते, थोडी. पोरांच्या परीक्षा नीट होऊ देत. माझी माया आहे तशीच आहे.

तुझी अक्का,
सरू