विहीणबाईंचा घाम

कळंबा, कोल्हापूर
२० एप्रिल

तीर्थरूप आक्कास, धाकट्या आकारामचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? दाजींची साखर खाली आली का? (कारखान्यातून निवृत्त झाले, तरी साखर काही त्यांना सोडत नाही.) फोनच करणार होतो, पण असला विजय फोनवर सांगून वाया घालवू नये.

आपल्या राजवीरनं पुण्यात ऑफिसातली शिवांगी पसंत केली, हे तुला ठाऊकच आहे. माणसं उत्तर प्रदेशातली, गाझीपूरकडची. गेल्या आठवड्यात शिवांगी आईला, सरोजदेवींना, घर दाखवायला घेऊन आली. तुझी भावजय झुंबर पहाटेपासून गॅसपाशी होती. (तांबडा-पांढरा रटरटत होता, आणि विहीणबाई निघाल्या शाकाहारी. पुरणपोळ्या केल्या होत्या म्हणून अब्रू राहिली.) भर बारा वाजता रिक्षा दारात थांबली. कपाळापासून मानेपर्यंत निथळत झुंबर भाकरतुकडा ओवाळायला गेली, आणि सरोजदेवी पदरानं वारा घेत तिला म्हणाल्या, “समधनजी, आपके यहाँ तो बहुत घाम है।”

झालं. झुंबर वळली ती थेट न्हाणीघरात. दोनदा साबण लावला, अर्धा डबा पावडर ओतली, तरी कडी काढेना. मी दाराला कान लावून समजूत घालतोय, तर आतून उत्तर आलं, “पोरगी गुणाची हाय. पण उंबऱ्यातच माझा घाम काढणाऱ्या बाईशी मला सोयरीक करायची न्हाय.” इकडे सरोजदेवींना वाटलं, मुलगीच पसंत नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून परतीच्या गाडीची चौकशी सुरू केली. शिवांगी रडकुंडीला आली. राजवीर न्हाणीघर ते सोपा येरझारा घालू लागला.

आक्का, एकतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं, पण या घरात मला कधी शब्दाचा अर्थ विचारला असेल तर तो वीजबिलावरचा. त्या दुपारी मात्र मी शब्दकोश काखेत मारून सोप्यात उभा राहिलो आणि न्हाणीघरापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, की घाम हा शब्द संस्कृत ‘घर्म’वरून आला, आणि घर्म म्हणजे उष्णता, ऊन. (फारसीतला ‘गर्म’, म्हणजे आपला गरम, हा त्याचाच लांबचा चुलतभाऊ.) विहीणबाईंच्या मुलखात घाम म्हणजे अजून ऊनच. आपण मात्र उन्हानं अंगातून जे पाणी निघतं, त्यालाच ते नाव देऊन बसलो. हे सगळं मी हिंदीत पुन्हा सांगितलं. (मग राजवीरनं माझ्या हिंदीचं हिंदी केलं.) तशा सरोजदेवी अंगणात गेल्या, उन्हात हात धरला आणि म्हणाल्या, “यही तो घाम है।”

कडी निघाली. पावडरीनं पांढरीफटक झालेली झुंबर अंगणात त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. डोळे बारीक करून वर बघितलं. “म्हंजे ह्यांचा घाम अंगणात, आन् आमचा अंगावर व्हय,” म्हणाली, आणि त्यांचा हात धरून पानावर घेऊन आली. लग्न सव्वीस मेला ठरलं. मला न मागता दुसरी पोळी वाढली गेली, तीही तुपासकट.

तुझा,
आकाराम

ता. क. चार दिवस आधी ये. आहेर आणू नकोस.

ता. क. २. खरं काम राहिलंच. विहीणबाई अजून इथंच आहेत, आणि मी त्यांना रोज एक शब्द समजावून सांगतो. काल ‘पसीना’वर तासभर बोललो. शेवटी त्या शिवांगीच्या कानात ‘बकलोल’ असं काहीतरी म्हणाल्या. पोरीला ठसका लागला. झुंबरनं अर्थ विचारून घेतला, “माझ्या बानं लग्नाआधीच हे वळखलं हुतं,” म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून आत पळाली. मला कुणी सांगत नाही, आणि शब्दकोशातही तो नाही. ‘बकुळ’वरून आला असावा, म्हणजे ज्याच्या बोलण्याला सुगंध आहे असा, हा आपला माझा कयास. वारणेच्या कारखान्यात दाजींच्या ओळखीची तिकडची माणसं आहेत, त्यांना विचारून तेवढं लगेच कळव. लग्नपत्रिकेत माझ्या नावाआधी घालावा म्हणतो. पत्रिका शुक्रवारी छापायला जाते.