अकराशे किलोमीटर, दोन तास

प्रिय वन्सं,

तुमच्या भावाच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही एकट्या विमानाने आलात. लिफ्टला घाबरून चार मजले जिना चढणाऱ्या तुम्ही! त्यांच्या उशाशी बसून म्हणालात, "काही नाही रे, बसमध्ये बसल्यासारखंच." किती दिवसांनी ते हसले. मग स्वयंपाकघरात माझा हात घट्ट धरून म्हणालात, "वहिनी, दोन तास डोळेच उघडले नाहीत गं." ते गेल्याला आता वर्ष झालं. तुमचं ते धडधडीत खोटं मला अजून धीर देतं.

परवा तुमचं ऑपरेशन. काल फोनवर बजावलंत, "तू येऊ नकोस, तुला विमान झेपायचं नाही." खरंच आहे. विमान हवेत कसं टिकतं, ते लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. सगळं समजलं, भीती मात्र तशीच राहिली. पण आजची गाडी गेली, आणि उद्याच्या रेल्वेने अकराशे किलोमीटर यायचं, तर तोवर तुमचं ऑपरेशन उरकलेलं असेल. म्हणून उद्याचं विमानाचं तिकीट काढलंय.

हे पत्र पेटीत टाकत नाही, सोबतच आणते; फोनवरही काही सांगणार नाही. आधी कळलं तर तुम्ही तिकीट रद्द करायला लावाल, आणि तुमचं मी ऐकेन.

तुमची,
भित्री वहिनी