माघारीचा चहा

बाबा, यंदा मलाही माघारीचा चहा पाजण्यात आला. मी चहा प्यायले, बिस्किटंही खाल्ली आणि माघार घेतली नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. त्या चहाला कुणीतरी एकदा तरी तुमच्या तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही, म्हणून आता मी म्हणते आहे.

आपल्या गावच्या शाळेची संस्था आणि तुम्ही तिचे अध्यक्ष. संचालक मंडळाची निवडणूक जवळ आली, की तुम्ही आईला सोनेरी काठाच्या कपबशा काढायला सांगायचात. त्या एरवी जावयालाही मिळत नसत. आई पोहे परतता परतता माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, चला, माघारीचा चहा टाका. ज्याने अर्ज भरलेला असेल तो माणूस बैठकीच्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर बसलेला असायचा. तुम्ही आधी त्याच्या वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करणार, मग मुलाच्या नोकरीची, मग संस्थेत आजवर कधी मतदान झालं नाही ही आपली केवढी परंपरा, ते सांगणार. दुसरा कप येईपर्यंत तो माणूस स्वतःच म्हणतो आहे, की नाही, तसं माझं काही नाही, अध्यक्षसाहेब म्हणतील तसं. दोन दिवसांनी पेपरात निवडणूक बिनविरोध, आपल्याकडे पेढे, आणि तुम्ही पुन्हा अध्यक्ष. गावात तुमचं केवढं कौतुक होतं, की या माणसाने शाळेत राजकारण शिरू दिलं नाही.

मी आठवीत होते तेव्हा बाईंनी अर्ज भरला. बाई म्हणजे माझ्या चौथीच्या वर्गशिक्षिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या आणि संस्थेच्या सभासद. गावाने वर्गणी काढून शाळेसाठी पैसे जमवले होते आणि मंडळाने त्यातून प्रवेशद्वाराला दगडी कमान बांधायचं ठरवलं होतं. बाईंचं म्हणणं साधं होतं. आधी मुलींच्या मुतारीला दार लावा, मग कमान बांधा. तुम्हाला हे कधी ठाऊकच नव्हतं, पण मी शाळेत पाणी प्यायची नाही. वर्गातली एकही मुलगी प्यायची नाही. उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटायची आणि आम्ही घराकडे पळत सुटायचो.

बाईंना तुम्ही बोलावलंत. मी ट्रे घेऊन आत आले तेव्हा तुम्ही त्यांना सांगत होतात, की देणगीदारांनी पैसे कमानीसाठीच दिलेत, ते दुसरीकडे वळवता येत नाहीत, आणि तुमच्यासारख्या ज्येष्ठ शिक्षिकेने निवडणुकीच्या आखाड्यात उतरणं संस्थेला शोभेल का. बाई बशीत चहा ओतत होत्या, तो पीत नव्हत्या. पोहे त्यांनी अर्धे टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला. स्नेहसंमेलनात तुम्ही त्यांना शाल आणि नारळ दिलात, टाळ्या झाल्या. त्या रात्री जेवताना मी विचारलं, की बाईंनी का नाही उभं राहायचं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नव्हतात. म्हणालात, ‘मतदान झालं की माणसं दुभंगतात. आणि स्वतःचं नाव स्वतः पुढे करायचं, हे आपल्या घरात शोभत नाही.’

तुमच्यावर अन्याय करायचा नाही मला. तुम्ही संस्थेचा एक पैसा खाल्ला नाहीत, मीटिंगला जायचं एसटीचं तिकीटसुद्धा स्वतःच्या खिशातून काढत होतात. ग्रामपंचायतीच्या एका मतदानाने समोरच्या घरातले सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बाबा, भांडण नको म्हणून तुम्ही प्रश्नच उरू दिला नाहीत. कमान उभी राहिली. तिच्या संगमरवरी पाटीवर तुमचं नाव आहे. मुतारीला दार लागलं ते मी कॉलेजात गेल्यावर.

आता इथलं ऐका. इंग्लंडमधल्या या बेसिंगस्टोकमध्ये आमच्या मुलीची सरकारी प्राथमिक शाळा आहे. इथे प्रत्येक शाळेचं एक छोटं मंडळ असतं, त्याला गव्हर्निंग बोर्ड म्हणतात. शाळेचा पैसा कुठे जाईल ते तेच ठरवतं. त्यात पालकांचे एक-दोन प्रतिनिधी असतात, ते पालकांनी मत देऊन निवडायचे असतात. पण जागा एक आणि अर्जही एकच आला तर मतदान होत नाही, आणि बहुतेक वेळा अर्ज एकच येतो. म्हणजे सातासमुद्रापार येऊनही बिनविरोध माझी पाठ सोडत नाही.

या वसंतात शाळेचं माहितीपत्रक आलं. वरच्या परिच्छेदात आनंदाची बातमी होती, की शाळेला नवीन रिसेप्शन मिळणार, सरकती काचेची दारं, भिंतीवर शाळेचं मोठं बोधचिन्ह. खालच्या परिच्छेदात खेदाची, की पैशांच्या ओढाताणीमुळे आमच्या मुलीच्या वर्गातल्या टीचिंग असिस्टंटची जागा उन्हाळ्यानंतर राहणार नाही. एकाच कागदावर, एकाखाली एक. छापणाऱ्याला काही वाटलं नसेल का, असं मला राहून राहून वाटलं.

ही असिस्टंट कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी एक छोटं स्टूल घेऊन बसते आणि ज्या मुलांची अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात त्यांचं वाचन ऐकते. आमच्या मुलीची नाचतात. वर्षभरापूर्वी ती पुस्तक दिसलं की पोट दुखतंय म्हणायची. आता दुकानांच्या पाट्या वाचते, चुकते, परत वाचते. तिला हे कसं सांगावं ते कळेना, शेवटी सांगितलं. तिने बराच वेळ टोस्टच्या कडा काढल्या आणि विचारलं, ‘आई, मिस गेली तर माझा वाचन कोण ऐकेल?’ मी तिचं मराठी सुधारलं नाही.

शेजारी एक निवृत्त इंग्रज गृहस्थ राहतात. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल आलं की ते कुंपणाशी येऊन ते माझ्यापुढे फडकवतात, जणू मीच पाठवलंय. दरवर्षी वाढ, रस्त्याला खड्डे, आणि शाळेला काचेची दारं. शाळेचा बराच पैसा लंडनहून, सरकारकडून येतो, तुमच्या या बिलातून नव्हे, असं मी म्हटलं, तर म्हणाले लंडनला तरी कोण पाठवतं. हे बरोबर होतं. मग म्हणाले असिस्टंटही कशाला हवी, आमच्या वेळी एक मास्तर अख्खा वर्ग हाकायचा. इथे माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, तुमच्या वेळी ज्याला वाचता आलं नाही तो मागच्या बाकावर बसून शाळा सोडून गेला, त्याचं नाव तुम्हाला आठवतं का. बिलाची घडी घालता घालता ते म्हणाले, ‘माझा एक भाऊ होता तसा.’ आणि जाता जाता वळून म्हणाले, की मला त्या शाळेत मत नाही, तुला आहे तर वापर की.

मी अर्ज भरला. नवऱ्याने कपाळावर हात मारला. आमचं आयएलआर, इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे या देशात कायमचं राहण्याची परवानगी, अजून यायची आहे, आणि त्याला प्रत्येक फोनमध्ये होम ऑफिस, म्हणजे ती परवानगी देणारं सरकारी खातं, ऐकू येतं. ‘अगं, आयएलआर होऊ दे आधी,’ तो म्हणाला, ‘मग कर काय ते. आत्ता कशाला स्कूलशी वाकडं?’ मी म्हटलं, व्हिसा असलेल्याने पालक म्हणून उभं राहू नये असं कुठे लिहिलंय ते दाखव. त्याने खरंच लॅपटॉप उघडून शोधलं. कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो थोडा निराश झाला.

मग चहा आला. बोर्डाच्या चेअर म्हणजे अध्यक्षा, निवृत्त, अतिशय गोड बोलणाऱ्या बाई. त्यांनी शाळेत स्टाफरूमशेजारच्या खोलीत सहज गप्पा मारायला बोलावलं. चहा मगमध्ये होता आणि बिस्किटं चांगल्या चॉकलेटची होती. त्यांनी आधी माझ्या ऑफिसची चौकशी केली, मग आईची, मग मुलीची. बाबा, शपथेवर सांगते, मला पोह्यांचा वास आला. चौकश्यांचा क्रमसुद्धा तुमचाच होता. मग त्या मुद्द्यावर आल्या. आणखी एका वडिलांचा अर्ज आलाय, भले गृहस्थ आहेत, पुढच्या वर्षी दुसरी जागा रिकामी होतेय, तेव्हा मला बिनधास्त येता येईल. ‘आमच्याकडे शक्यतो मतदानापर्यंत वेळ येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पालकांमध्ये उगीच गट पडतात.’

मी रिसेप्शनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या बांधकामाचा पैसा वेगळ्या हंडीतला, पगाराचा वेगळ्या, एकातला दुसरीकडे वळवता येत नाही. मी विचारलं सगळाच का. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि मान्य केलं, की थोडा भाग शाळेच्या शिलकीतून जाणार आहे. म्हणजे तो कुठे घालायचा ते आपणच ठरवतो, मी म्हटलं. हंड्या वेगळ्या असतील, चूल आपलीच आहे. इंग्रजीत हे वाक्य फार चमत्कारिक झालं, पण त्यांना कळलं. आणि मग, बाबा, दुसरा कप पुढे आला. त्या क्षणी मला खुर्चीच्या कडेवर बसलेली ती सगळी माणसं आठवली. बाई आठवल्या, त्यांची बशी आठवली. दुसरा कप हातात आला की माणूस किती उपकृत होतो, हे तुम्ही पक्कं ओळखलं होतंत. मी तो कप घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि म्हटलं, ‘थँक यू, चहा छान होता. मी उभी राहणार आहे.’

आणि काय झालं सांगू? आभाळ कोसळलं नाही. मतदान होणार म्हटल्यावर दोन्ही उमेदवारांना आपली भूमिका कागदावर लिहून सगळ्या पालकांना द्यावी लागली. बिनविरोध झालं असतं तर त्या भल्या गृहस्थांना एक ओळही लिहावी लागली नसती. मी असिस्टंटबद्दल लिहिणार हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनाही लिहावं लागलं, आणि त्यांनी लिहिलं की ती जागा राहावी असं मलाही वाटतं. मी गेटवर उभी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्या आयांशी बोलले. एकीने तोंडावर सांगितलं की तिला काचेचं दार हवंय, थंडीत तिला बाळ घेऊन बाहेर ताटकळावं लागतं. आम्ही वाद घातला. दुसऱ्या दिवशी तिनेच मला तिच्या छत्रीत घेतलं. हे तुम्हाला मुद्दाम लिहिते आहे. माणसं दुभंगली नाहीत, बाबा. माणसं बोलली.

मी हरले. थोड्या मतांनी, पण हरलेच. ते गृहस्थ निवडून आले, आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी त्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. लिहिलेलं खोडता येईना. रिसेप्शन आता लहान होणार, सरकत्या दारांऐवजी साधं दार आणि एक छप्पर. असिस्टंट राहिली, फक्त सकाळची. दुपारच्या वाचनासाठी मी भांडतेच आहे, आणि पुढच्या वर्षीच्या जागेसाठी माझा अर्ज पहिला असणार आहे. चेअरना तसं सांगितलंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, चहाला या. मी म्हटलं, जरूर.

मुलगी काल स्टुलाशेजारी बसून एक अख्खं पान वाचून आली. शेजारच्या गृहस्थांनी निकाल विचारला. हरले म्हटल्यावर ‘हं’ म्हणाले आणि त्यांच्या झाडाचे टोमॅटो दिले. नवऱ्याने कुणाला मत दिलं ते मी विचारलेलं नाही, संसार करायचाय.

हे पत्र बाईंना पाठवावं असं एकदा मनात आलं. त्या आहेत अजून, मुलाकडे असतात. पण त्यांना मी फोन करीन, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. हे भांडण तुमचं-माझं आहे आणि ते पोस्टाने कुठे जाणार. तेव्हा इथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेवटचं काय ते सांगून टाकते. तुम्ही एवढी वर्षं अध्यक्ष होतात, गावाने तुम्हाला डोक्यावर घेतलं, कमानीवर तुमचं नाव कोरलं, पण तुम्हाला आयुष्यात कुणी एक मत दिलं नाही. देऊ दिलंच नाहीत तुम्ही. मला दिलं, बाबा. मी हरले, पण माझ्या नावापुढे लोकांनी आपल्या हाताने फुली मारली, ज्यांचं नावही मला ठाऊक नाही अशा लोकांनी. मुलीच्या दप्तरातून मतपत्रिका आली तेव्हा मी याच टेबलाशी बसले होते, तुमचं ते ‘शोभत नाही’ कानात वाजत होतं, आणि पेन बराच वेळ नुसतं हातात होतं. त्या मतांमधलं एक माझं स्वतःचं आहे.