दाताच्या डॉक्टरकडे

१८ ऑगस्ट
पलक दिवाळीपर्यंत धुळ्याला माहेरीच राहणार. पक्कं – तिच्या भावाने, रोनकने फोनवर सांगितलं. "जीजाजी, दीदी म्हणते, आधी कोणाला तरी जाऊन भेटा. भिंतीशी किती बोलायचं?"
भिंत म्हणजे मी!

२२ ऑगस्ट
गेलो एकदाचा. मेहरूण भागात, समुपदेशक भूमिका मॅडमकडे. स्कूटर लांब लावली. घरी आणि दुकानात सांगितलंय – दात दुखतो.
"पलक गेल्या तेव्हा काय वाटलं?"
"दुकानातून यायला उशीर झाला होता."
"ते घडलं. वाटलं काय?"
"राग आला. घरभर ओरडलो."
"रागाच्या आधी?"
पुढची वेळ घेऊन निघालो. आधी काय असतं?

२४ ऑगस्ट
पर्युषण चालू. आई माझ्यासाठी मऊ खिचडी करते – दातासाठी! दुकानातला नोकर झुलाल कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "शेठ, दात दुखस नि चणा बी चालस?" सगळे हसले. चणे खिशात टाकले.

२७ ऑगस्ट
संवत्सरी. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. दरवर्षीसारखं 'मिच्छामि दुक्कडम्' सगळ्यांना एकदम पाठवलं – सुरतचे व्यापारी, गिऱ्हाइकं, नातेवाईक. त्यात पलकही.
तिचं उत्तर आलं! "कशाची क्षमा?"
मी लिहिलं, "रीत आहे."
तिने वाचलं. पुढे काही नाही.

२९ ऑगस्ट
मॅडमना मोबाइल दाखवला. हसल्या नाहीत.
"'रीत आहे' लिहिण्याआधी काय झालं?"
"वाटलं, आता ती येतच नाही."
"याला काय म्हणाल?"
"भीती." – तोंडातून निघून गेलं.
बाहेर आलो, स्कूटरवर बसूनच पलकला फोन लावला. "तू गेलीस तेव्हा ओरडलो, तो राग नव्हता गं. भीती वाटते मला, तू येणार नाहीस याची." ती म्हणाली, "ठेवते."

३० ऑगस्ट
फोन नाही. कापड मोजताना चुकलो. झुलालने पुन्हा मोजून दिलं.
पुन्हा खिचडी. आईला सांगून टाकलं, दात दुखतच नव्हता.
"माहीत आहे. अजून वाढू?"

३१ ऑगस्ट
पलकचा फोन. "भीती मलाही वाटते. तुमची. लग्न झाल्यापासून."
शुक्रवारी येणार आहे. घरी नाही – मॅडमकडे. परत यायचं की नाही, ते तिथेच सांगेल.