सिरियल किलरची सात लक्षणं आणि मढचं स्थळ

५ मे. सकाळी सहा.
सिरियल किलिंगचा शास्त्रशुद्ध अभ्यास आजपासून. शिक्षण सातवी, पण टीव्हीवरच्या गुन्हेमालिकांचा एकही भाग चुकवलेला नाही. एकदम दहाजणांना मारणारा लगेच सापडतो. थांबून थांबून मारणारा सापडत नाही, कारण मधल्या काळात तो तुमच्या-आमच्यासारखाच वागतो. पकडल्यावर शेजारी म्हणतात, ‘लई शांत व्हता.’ म्हणजे शांत माणसं आधी तपासावीत. गृहखात्याला पन्नास पानी निवेदन. रोज पाच पानं.

८ मे.
निवेदन पाऊण पान. उकाडा फार.
नात तेजस्विनीला बघायला मढचे पाहुणे आले. मुलगा धम्मपाल, स्वतःचं मेडिकल. दोनदाच बोलला, दोन्ही वेळा ‘बास’. हात पुसून रुमालाची घडी घातली. सातांपैकी सहा लक्षणं जुळली. तेजस्विनीला पसंत. अभ्यास नसला की असं होतं.

९ मे.
जानकाला धोका समजावला. म्हणाली, “अवो, चाळीस वर्सं मी बडबड्यासंगं काढली. पोरीला तरी शांतता लाभू द्या.” बायकोला शास्त्र पटत नाही.

११ मे.
जुन्नरला एसटी बदलून मढ. स्थळाची चौकशी सगळेच करतात, माझे प्रश्न जरा आधुनिक. टपरीवर रखमाजी म्हणून गृहस्थ भेटले. विचारलं, धम्मपाल लहानपणी मांजरांना छळायचा का? कुठं आग लावली? ते म्हणाले, “पावणं, पोलीस का तुमी?” म्हटलं, तसंच समजा.

१३ मे.
धम्मपालचा तेजस्विनीला फोन. साध्या वेशातला पोलीस येऊन गेल्यापासून मेडिकलकडे कुणी फिरकत नाही. नोंद: गुन्हा शाबीत होण्याआधीच शिक्षा सुरू. न्यायव्यवस्थेतला गंभीर दोष. निवेदनात घालणे.
घरात काही बोललो नाही. तपासात गुप्तता लागते.

१४ मे.
पोरगी जेवली नाही. मढला जाऊन खुलासा करायचं ठरवलं. एसटी चुकली. उद्या नक्की.

१५ मे.
गुडघा दुखतोय.

१६ मे.
मढहून नकार. त्यांनीही आमच्या निरगुडसरात चौकशी केली म्हणे. गिरणीवाला गेणू बोलला, “पोरगी सोन्यासारखी. पर म्हातारं दिसभर खुनाचं लिहितंय. कोन आलं की वही झाकतंय.”
मग मढची हकिगत घरात सांगावीच लागली. तेजस्विनी रडली नाही. म्हणाली, “आजोबा, उद्या पहिल्या गाडीनं मढ. त्याच टपरीवर उभं राहून खरं सांगायचं.”
जानकाला म्हटलं, तूही चल, माझ्या चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायला.
म्हणाली, “आधी चौकशी करते.”